ॲव्रो ७४८ (भारतीय हवाई दल)

भारतीय हवाई दलाचे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप (जेट इंजिनाच्या जोरावर पंखे फिरवणारे) वाहतूक विमान. आराखडा ब्रिटनचा, बांधणी कानपूरची. पुढे मूळ कंपनी ॲव्रो ही हॉकर सिडली कंपनीत विलीन झाली आणि कागदोपत्री विमान ‘एचएस-७४८’ झाले. हवाई दलात मात्र सगळे त्याला ‘ॲव्रो’च म्हणत राहिले.

नवी मुंबईशी त्याचा संबंध येतो तो वारसदाराच्या, म्हणजे सी-२९५ या वाहतूक विमानाच्या मार्फत. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या उलव्याजवळच्या नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या उपस्थितीत पहिले विमान उतरले, ते हवाई दलाचे सी-२९५. पाण्याच्या फवाऱ्यांनी त्याला सलामी दिली गेली. हे सी-२९५ हवाई दलाने घेतले आहे ते ॲव्रोची जागा भरून काढण्यासाठी.

दुसऱ्या महायुद्धातली डाकोटा विमाने थकत चालली, तेव्हा त्यांच्या जागी काय आणायचे हा प्रश्न उभा राहिला. १९५९ मध्ये ब्रिटनशी परवान्याचा करार झाला. तेव्हा ॲव्रो ७४८ चे पहिले उड्डाणही झालेले नव्हते. ते २४ जून १९६० ला झाले. कानपूरच्या हवाई दल तळावर एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांनी कारखाना उभा केला आणि १ नोव्हेंबर १९६१ रोजी तिथले पहिले विमान आकाशात गेले. त्याला दिवंगत हवाई दल प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ ‘सुब्रतो’ हे नाव दिले होते. सुरुवातीची विमाने ब्रिटनहून आलेले सुटे भाग जोडून तयार झाली हे खरे. तरीही वाहतूक विमान देशात बांधण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि या कामगिरीची आठवण जितकी ठेवायला हवी तितकी ठेवली जात नाही. १९६४ मध्ये हा कारखाना हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा भाग झाला. एकूण ८९ विमाने बनली. त्यांतली ७२ हवाई दलाला आणि १७ इंडियन एअरलाइन्सला मिळाली.

डाकोटा शेपटीच्या चाकावर टेकून उभे राही, त्यामुळे आतली जमीन उतरती. ॲव्रोला पुढे नाकाखाली चाक असल्याने ती सपाट झाली आणि चढउतार सोपी झाली. दोन रोल्स-रॉइस डार्ट इंजिने, पंख खालच्या बाजूला, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय. अडचण होती ती माल भरण्याची. मागे रॅम्प (जमिनीपर्यंत उतरणारा दरवाजा) नसल्याने जीपसारखी वाहने थेट चढवता येत नसत. नंतर मोठा मालदरवाजा असलेली ७४८-एम ही आवृत्ती निघाली, पण तो दरवाजा मागे नव्हे, विमानाच्या बाजूलाच राहिला. सी-२९५ चा मागचा रॅम्प नेमकी हीच उणीव भरून काढतो.

जवानांची ने-आण, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे प्रवास, वैमानिकांचे प्रशिक्षण अशी रोजची कामे ॲव्रोने दशकानुदशके केली. एका ॲव्रोच्या पाठीवर रडारची मोठी तबकडी बसवून हवाई टेहळणीचे प्रयोगही झाले. ते विमान ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूतील अरक्कोणमजवळ कोसळले. आतले आठही जण, शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे अधिकारी, मृत्युमुखी पडले. त्यानंतर तो प्रकल्प थांबला.

ॲव्रोच्या बदली विमानांसाठी सप्टेंबर २०२१ मध्ये एअरबसशी ५६ सी-२९५ चा करार झाला. त्यांतली १६ स्पेनमधून तयार येणार आणि ४० वडोदऱ्यात टाटांच्या कारखान्यात बांधली जाणार, असे ठरले. लष्करी विमान पूर्णपणे खासगी कारखान्यात बांधण्याचा देशातला हा पहिला प्रकल्प आहे.