घरझडतीचा कायदा : घटनेत येता येता राहिलेलं कलम

हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. रझाकारांच्या लुटालुटीच्या आठवणी मराठवाड्यात ताज्या होत्या. त्याच सुमारास, ३ डिसेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली: कुणाच्याही घराची, कागदपत्रांची, चीजवस्तूंची अवाजवी झडती-जप्ती होऊ नये. डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात असंच कलम सुचवलं होतं. सभागृहात ते दुरुस्ती स्वीकारायला तयार होते. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण घटनेत आली की विधिमंडळाला तिला हात लावता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तरीही दुरुस्ती फेटाळली गेली.

तो नकार पुढे फार महागात पडला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं: घटनाकारांनी जे ठेवलं नाही, ते आम्ही का आणावं? १९६२ च्या खडकसिंग निकालाने रात्री घरी येऊन थडकण्याचा पोलिसांचा नियम रद्द केला, पण खासगीपणाचा हक्क मानला नाही. तो मिळाला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी निकालात, जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ खाली.

मधल्या काळात घराची राखण केली ती प्रक्रियेच्या कायद्याने. वॉरंटविना झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने आधी कारणं लिहून ठेवायची, परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच बोलवायचे, घरच्यांना हजर राहू द्यायचं, जप्त मालाच्या यादीची प्रत द्यायची. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने व्हिडिओ चित्रीकरणही सक्तीचं केलं आणि कारणांची नोंद ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायला सांगितलं.

कायद्याच्या व्याख्येत ‘जागा’ म्हणजे घर, इमारत, तसाच तंबूही. म्हणजे गावाबाहेरचं पारध्याचं पालसुद्धा. पहाटे पालावर धाड पडते, पेट्या उपसल्या जातात, चोरीचा माल म्हणून मोटारसायकल उचलली जाते, पंच पोलिसांनी सोबतच आणलेले असतात, ही तक्रार मराठवाड्यात जुनी आहे. खरं दुखणं १९७३ च्या पूरणमल निकालात आहे, असं मला वाटतं: झडती बेकायदा ठरली तरी तिच्यात सापडलेला पुरावा तेवढ्याने बाद होत नाही. मग नियम मोडणाऱ्याला धाक कशाचा?

जप्त वस्तू परत मागायला दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण यादीची प्रतच हाती नसेल, तर काय नेलं हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.