समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर मासळी खाताना

नमस्कार.

दुकानात रोज हमखास येणारा एक प्रश्न आहे: "भाऊ, मासा ताजा आहे ना?" नुसतं "हो" म्हणून मोकळं व्हायला आम्हाला आवडत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

मुंबईच्या धक्क्यापासून छत्रपती संभाजीनगर साधारण साडेतीनशे किलोमीटर. रात्री निघालेली गाडी समृद्धी महामार्गाने पहाटे इथं पोचते. पण खोल समुद्रात जाणाऱ्या बोटी कित्येक दिवस पाण्यावरच असतात. म्हणजे धक्क्यावर उतरलेला पापलेटसुद्धा कधी कधी तीन-चार दिवस बर्फात राहिलेला असतो. म्हणून मासळी किती तासांची, यापेक्षा जाळ्यातून निघाल्यापासून तिचा बर्फ कुठं तुटला का, म्हणजे मध्येच ती बर्फाविना राहिली का, हे विचारा. चुरा बर्फात नीट राहिलेली चार दिवसांची सुरमई चांगली असते. दोन तास उन्हात पडलेली आजची सुरमई चांगली नसते.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. दुकानाचा पहिला मे महिना. माल घेऊन आलेली गाडी दुकानापर्यंत न येता बांगड्याची पेटी चौकात उतरवून गेली, आणि आम्ही पोचेपर्यंत दीड तास गेला. झाकण उघडलं तर वर बर्फ दिसत होता. तळात हात घातला तर कोमट पाणी. वरचे मासे चांगले दिसत होते, वासही फारसा नव्हता, तरी अख्खी पेटी टाकून दिली. बांगडा, कुपा, तारली असे मासे गरमीत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते कितीही उकळलं, तळलं तरी जात नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो, "मला मासा मानवत नाही." खरं तर त्याला बर्फ तुटलेला मासा मिळालेला असतो. असा त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवा आणि मासा कुठून आणला होता तेही सांगा.

दुकानापर्यंतची जबाबदारी आमची. दुकानातून तव्यापर्यंत मात्र तुमची, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाच टप्पा सगळ्यात अवघड. स्कूटरच्या डिकीत मासळी ठेवून भाजी, किराणा, मग मेव्हण्याकडं चहा असा फेरा करू नका. आधी बाकीचा बाजार, शेवटी मासळी. बाहेर ३२ अंशांच्या वर पारा असेल तर कच्ची असो की शिजवलेली, मासळी तासाभराहून जास्त उघड्यावर नको. थंडीत दोन तास चालतील. येताना घरून झाकणाचा स्टीलचा डबा आणलात तर आम्ही खाली-वर बर्फ भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

मासा घेताना बघायचं काय? कल्ला उचलून बघा. आत लालभडक किंवा गुलाबी हवा, तपकिरी आणि चिकट नको. पोट घट्ट हवं. पाठीवर बोट दाबून सोडा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. डोळे फुगीर आणि चमकदार असावेत असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण बर्फाला डोळा टेकून राहिला की चांगल्या माशाचाही डोळा थोडा धुरकट होतो. तेवढ्यावरून मासा नाकारू नका, कल्ला बघून ठरवा. कोळंबीचं डोकं काळं पडून लोंबत असेल तर घेऊ नका. आणि वजनाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: किलोभर कोळंबी सोलून, साफ करून साधारण निम्मी भरते. वजन आम्ही साफ करण्याआधी तुमच्यासमोर करतो.

आता वासाचं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मासळी येत नाही ती या वासाच्या धास्तीनं. समुद्री मासा जुना होत जातो तसा त्याच्या अंगातून अमाइन जातीची द्रव्यं सुटतात, तो वास त्यांचा. आंबट लागलं की तो बसतो. म्हणून कोकणात आमसूल असतं. आपल्याकडं चिंच आहे, लिंबू आहे, तेवढं पुरतं. गोड्या पाण्यातल्या माशाचा वास वेगळा, मातकट. तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं येतो आणि त्यालाही आंबटच लागू पडतं. पैठणच्या धरणातला, म्हणजे नाथसागराचा रोहू किंवा कटला आणलात तर मीठ, हळद आणि आंबट ताक लावून वीस मिनिटं ठेवा, मग एकदाच धुवा. दहा पाण्यांनी धुतलेला मासा मऊ पडतो आणि चवही जाते. ओट्यावरचा वास जायला वापरलेल्या लिंबाची साल घासली की काम होतं.

लगेच करायचा नसेल तर पाणी टिपून, डब्यात घालून, फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्याहून लांबवायचं असेल तर एका वेळेला लागेल तेवढ्याच पिशव्या करून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर. काढताना आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवा. गरम पाण्यात बुडवून घाईनं सोडवलेला मासा बाहेरून शिजल्यासारखा आणि आतून बर्फ राहतो. एकदा सुटलेला परत गोठवू नका.

कोणता घ्यावा? नवीन गिऱ्हाईक सरळ पापलेट मागतं. पापलेट उत्तमच. सप्टेंबर २०२३ मध्ये तो महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. पण त्याची पिल्लंच पकडली जाऊ लागल्यानं तो कमी होत चालला आहे. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला राज्यात मनाई आहे, आणि तळहातात मावणारं स्वस्त पापलेट आमच्याकडं मागू नका, आम्ही ते आणत नाही. आमचं मत विचाराल तर बांगडा घ्या. किंमत पापलेटच्या पासंगालाही पुरत नाही, अंगात चांगलं तेल असतं, ओमेगा-३ भरपूर, आणि ज्वारीच्या भाकरीशी त्याच्याइतका कुठलाच मासा जमत नाही. लेकरांना काट्याची भीती असेल तर सुरमईचे काप. मधला एक मणका काढला की झालं. रोहू-कटल्यात मांसाच्या आत बारीक दुबेळके काटे असतात, ते लहानांना मोठ्या माणसानं बोटांनी चाचपूनच द्यावेत. घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळं गिळायची आपली जुनी रीत सोडा. त्यानं काटा आणखी रुततो. दवाखान्यात जा, डॉक्टर चिमट्यानं काढतात.

ओले बोंबील आम्ही मुद्दाम ठेवत नाही. त्यांच्यात पाणीच इतकं की इथवर येईपर्यंत लगदा होतो. सुके घ्या. समुद्राची चव मराठवाड्याला आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलानंच लावली आहे. तव्यावर कोरडी भाजून, चोळून साफ केलेली सुकट, वर कांदा, लसूण, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट, असं कोरड्यास असल्यावर दुसरं काही लागत नाही. फक्त मीठ घालायच्या आधी चाखा. सुकटीत ते आधीच असतं.

बांगडा तळायची आमच्या घरची पद्धत सांगतो. साफ केलेल्या बांगड्याला दोन्ही अंगांनी तीन-तीन तिरक्या चिरा द्या, काट्याला सुरी टेकेपर्यंत. लसूण, आलं, तिखट, हळद, मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ वाटून त्या चिरांत बोटानं दाबून भरा. पंधरा मिनिटं ठेवा. जाड रव्यात थोडं ज्वारीचं पीठ मिसळून त्यात घोळवा. लोखंडी तवा नीट तापू द्या, तेल सोडा, मासा ठेवा आणि मग चार मिनिटं हात लावू नका. घाई केली की साल तव्याला राहते. कडेनं रवा बदामी झाला आणि मासा उलथण्यावर आपोआप सुटून आला की उलटा. दुसरी बाजू तीन-चार मिनिटं. मणक्याजवळचं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं म्हणजे आत शिजला.

कालवणाला रोहू असेल तर भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि घरचा काळा मसाला हात सैल सोडून घाला, तो मासा ते पेलतो. सुरमईला मात्र काळा मसाला नको, तिची चव मरते. मटणासारखं तासभर रटरटत ठेवायची आपली सवय इथं चालत नाही. आधी रस्सा उकळून पुरता तयार करा, मग तुकडे सोडा, सहा-सात मिनिटांत गॅस बंद. पळी घालू नका, पातेलं फडक्यानं धरून हलवा. कोळंबी तीन-चार मिनिटांत होते: चंद्रकोरीसारखी वळली की काढा, गच्च वेटोळं झालं की रबर.

कोळंबी किंवा खेकडा घरात पहिल्यांदाच होत असेल तर पहिल्या दिवशी थोडंच द्या. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना. गाऊटचा (युरिक ॲसिडमुळं सांधे सुजण्याचा) त्रास असणाऱ्यांनी तारली, बांगडा आणि सुकी मासळी डॉक्टरांना विचारून खावी. घरात गरोदर लेक असेल तर मोरीसारखा (शार्क) मोठा शिकारी मासा टाळा, बाकी नीट शिजवलेली मासळी तिला चांगलीच.

बाहेर खायला जाता तेव्हाही हेच डोळे वापरा. आपल्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार कितीतरी घरं पाळतात. त्यामुळं हॉटेलात मासळी खपते ती बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. त्याच दिवशी जा, तेव्हा माल फिरता असतो. मेनूकार्डाच्या आधी "आज काय आलंय?" असं विचारा. चांगलं हॉटेल दोन-तीनच नावं सांगतं. पंधरा प्रकार रोज हजर असतील तर त्यातले बरेच महिनोन् महिने गोठवलेले आहेत असं समजा. फिश टिक्का, फिंगर, चिली फिश यात बहुतेकदा बासा असतो. बासा खायला वाईट नाही, पण तो समुद्राचा नव्हे, गोड्या पाण्यातला पाळीव मासा आहे, तेव्हा त्याला सुरमईचा भाव देऊ नका. "साइजप्रमाणे दर" लिहिलं असेल तर मासा शिजवण्याआधी बघा आणि रक्कम ठरवून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. पैठण रस्त्याकडं गेलात तर तिथं पापलेट कशाला मागता? धरणाचा मासा मागा, तो तासाभरापूर्वी पाण्यात असतो. पार्सल घेताना तळलेल्या माशाचा डबा पाच मिनिटं उघडा ठेवायला सांगा, म्हणजे वाफेनं रवा भिजत नाही.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणून जूनच्या उत्तरार्धात थोडा माल तिकडून येतो. तोवर आमच्याकडं गोड्या पाण्यातली मासळी, सुकी आणि गोठवलेली असते, आणि गोठवलेल्यावर तशी चिठ्ठी लावलेली असते. बंदी उठते तेव्हा इथं श्रावण लागलेला असतो किंवा लागणार असतो. भरपूर मासळी, उतरलेले भाव आणि दुकानात कुणी नाही, असे ते दिवस. जे श्रावण पाळत नाहीत त्यांनी ऑगस्टचा पहिला पंधरवडा चुकवू नये.

समुद्राचा माल बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पहाटे येतो. सोमवारी दुकान बंद. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलंत तर हवा तो मासा हव्या त्या कापात बाजूला काढून ठेवतो. रविवारी दहाच्या आत या, त्यानंतर बांगडा उरत नाही.