मोजणीतून सुटलेली माणसं

पादचाऱ्यांच्या सिग्नलमागे एक साधं गणित असतं. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायचं आणि रस्त्याच्या रुंदीला त्याने भागायचं, की ओलांडायला किती सेकंद द्यायचे ते कळतं. १२ मीटर रुंदीच्या रस्त्याला १० सेकंद. अनेक देशांत वर्षानुवर्षं हाच आकडा वापरात आहे. पुढे इंग्लंडमधल्या एका आरोग्य सर्वेक्षणात पासष्टीपुढच्या हजारो लोकांचा चालण्याचा वेग प्रत्यक्ष मोजला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरच्या अभ्यासात पुरुषांची सरासरी निघाली सेकंदाला ०.९ मीटर, बायकांची ०.८. म्हणजे तोच रस्ता ओलांडायला एखाद्या आजींना १५ सेकंद हवेत. दहाव्या सेकंदाला त्यांचं आणखी चार मीटर अंतर बाकी असतं, आणि समोर गाड्या सुटायच्या बेतात.

भागाकार बरोबरच आहे. प्रश्न आहे तो १.२ या आकड्यात कोण बसतं याचा. सिंगापूरने २००९ पासून त्यावर एक तोडगा काढला आहे. ज्येष्ठ नागरिकाने आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो.

शहरातल्या वाहतुकीचं नियोजन करताना लोकांना का विचारायचं, याचं उत्तर सहसा तत्त्वाच्या भाषेत दिलं जातं: रस्ते लोकांचे, म्हणून विचारा. ते खरंच आहे. पण त्याहून रोकडं कारण असं की विचारल्याशिवाय माहितीच पुरी होत नाही. लोकसहभाग हे मोजमापाचंही एक साधन आहे, आणि कुठल्याही साधनासारखं ते नीट वापरलं नाही तर चुकीचा आकडा दाखवतं.

प्रवासाच्या पाहणीचंच घ्या. कोण कुठून कुठे, कशाने आणि कशासाठी जातो, हे घरोघरी विचारून वाहतुकीचे आराखडे बनतात. त्यात ‘काम’ हा एक रकाना असतो आणि तो भरगच्च भरतो. पण मुलाला शाळेत सोडणं एका रकान्यात जातं, औषध आणणं ‘खरेदी’त, सासूबाईंना दवाखान्यात नेणं ‘वैयक्तिक’मध्ये आणि आजारी मैत्रिणीकडे जाणं चक्क ‘विरंगुळ्या’त. स्पेनमधल्या नगररचनातज्ज्ञ इनेस सांचेस दे मादारियागा यांनी हे सगळे तुकडे एकत्र करून त्यांना ‘काळजीसाठीचा प्रवास’ असं नाव दिलं. वेगवेगळे असताना किरकोळ वाटणारे हे तुकडे एकत्र केले की कामाच्या प्रवासाशी तुलना करण्याइतके मोठे होतात. हा प्रवास एका सरळ रेषेत होत नाही. घर, पाळणाघर, ऑफिस, बाजार, पुन्हा पाळणाघर, घर अशी त्याची साखळी असते, त्यात चालणं बरंच असतं, आणि हातात पिशवी किंवा मूल असतं. सकाळी शहराच्या मध्याकडे आणि संध्याकाळी परत, एवढंच गृहीत धरून आखलेली बससेवा या साखळीच्या फारशी कामाची नसते.

व्हिएन्नामध्ये हे १९९१ साली एका छायाचित्र प्रदर्शनातून पुढे आलं. एवा काइल आणि युट्टा क्लेडोर्फर या नियोजनकर्त्यांनी शहरातल्या वेगवेगळ्या बायका-मुलींचा नेहमीचा दिवस फोटोंतून मांडला होता. पुढे शहराने बायकांच्या गरजा पाहणारं वेगळं कार्यालयच काढलं. मारियाहिल्फ या भागात फूटपाथ रुंद झाले, दिवे वाढले, बसायला बाक आले. एकही गोष्ट डोळे दिपवणारी नाही. लोकांना विचारून केलेल्या सुधारणा बऱ्याचदा अशाच दिसतात, म्हणून उद्घाटनाच्या फिती त्यांच्या वाट्याला कमी येतात.

नैरोबीत तर आकडे सोडाच, नकाशाही नव्हता. तिथली बहुतांश सार्वजनिक वाहतूक खासगी मिनीबसवर, म्हणजे ‘मटाटू’वर चालते. मार्ग चालकांना आणि प्रवाशांना तोंडपाठ, पण कागदावर काही नाही. २०१२ च्या सुमाराला नैरोबी विद्यापीठाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कोलंबिया विद्यापीठाबरोबर काम सुरू केलं. विद्यार्थी मोबाइल घेऊन मटाटूंमध्ये बसले आणि गाडी जिथे थांबेल तिथली नोंद करत गेले. दोन वर्षांत शंभराहून अधिक मार्गांचा नकाशा तयार झाला, आणि शहर प्रशासनाने तो अधिकृत म्हणून स्वीकारला. लोकांच्या डोक्यात असलेलं ज्ञान नियोजनाला वापरता येईल अशा रूपात आणण्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

विचारायला गेलं की सगळे एकच उत्तर देतील, अशी मात्र अपेक्षा नको. फूटपाथची कड पाहा. व्हीलचेअरवरच्या माणसाला ती नकोच असते. दोन-तीन सेंटिमीटरची पायरीसुद्धा पुढची छोटी चाकं अडवते. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाला मात्र ती हवीच असते, कारण फूटपाथ संपून गाड्यांचा रस्ता कुठे सुरू होतो हे तीच सांगते. ब्रिटनमध्ये कड काढून टाकून सगळा रस्ता एका पातळीत आणण्याची टूम निघाली, तेव्हा अंधांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत खऱ्या मापाचे फूटपाथ मांडले गेले आणि अंध व अंशतः अंध स्वयंसेवकांना वेगवेगळ्या उंचीच्या कडांवरून चालायला सांगितलं गेलं. ६० मिलिमीटर किंवा त्याहून उंच कडच खात्रीने ओळखू येते, असं त्यात निघालं. आता दोन्ही बाजूंच्या तक्रारीला एक ठोस माप मिळालं. कड उंच ठेवायची, ओलांडायच्या जागी उतार द्यायचा, आणि उताराच्या तोंडाशी पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरशा बसवायच्या. या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली तयार केल्या होत्या. १९६७ मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या.

आता लोकसहभाग या साधनाच्या दोषाबद्दल. आराखडा छापून तयार, मग एक जाहीर सूचना, कामाच्या दिवशी एखादी सभा, पुढे बसलेले अधिकारी, मागे तावातावाने बोलणारे चार जण, आणि शेवटी ‘हरकती नोंदवून घेतल्या’ हे वाक्य. पाळणाघराची वेळ सांभाळणारी बाई, रात्रपाळीचा कामगार, सभागृहाच्या पायऱ्या चढू न शकणारा माणूस यांपैकी तिथे कोणीच नसतं. संख्याशास्त्रात याला नमुन्यातला पूर्वग्रह म्हणतात. अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं गुंडाळणं, टोकाला लोकांच्या हाती निर्णय. ‘सल्लामसलत’ ही पायरी त्यांनी नामधारी सहभागात टाकली आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी लक्षात घेत नाही.

मग थेट मतदान घ्यावं का? पॅरिसमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये एसयूव्हीसारख्या वजनदार खासगी गाड्यांचं पार्किंग महाग करावं का, यावर मत विचारलं गेलं. बाजूने कौल मिळाला खरा, पण मतदानाला सहा टक्केही लोक आले नाहीत. दुसरा मार्ग चिठ्ठ्या टाकून माणसं निवडण्याचा. २०१९ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये वय, लिंग, राहण्याचा भाग वगैरे पाहून पन्नासेक सामान्य नागरिक अशा पद्धतीने निवडले गेले. त्यांनी तज्ज्ञांचं ऐकलं, एकमेकांशी चर्चा केली आणि गाड्यांची गर्दी कमी करण्यासाठी धाडसी पावलं उचला, असं सांगितलं. पण शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावण्याचा प्रस्ताव सगळ्यांपुढे गेला तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक विरोधात निघाले, आणि २०२३ मध्ये तो गुंडाळला गेला. खोलीतल्या पन्नास जणांनी जो विचार केला, तो करायची संधी बाहेरच्यांना मिळालीच नव्हती.

स्टॉकहोमने क्रम उलटा लावला. एडिनबराने २००५ साली शहरात येणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काबद्दल आधी मतदान घेतलं आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी ते नाकारलं होतं. स्टॉकहोममध्ये आधी जादा बस सोडल्या, मग जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क प्रत्यक्ष आकारून पाहिलं, आणि मत सप्टेंबरात विचारलं. सुरुवातीला पाठिंबा जेमतेम एक तृतीयांश लोकांचा होता. शुल्काची सीमा ओलांडणारी रहदारी साधारण पाचव्या हिश्शाने घटली, हे लोकांनी स्वतः अनुभवलं. शहरातल्या मतदारांनी निसटत्या बहुमताने होकार दिला. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर माणूस भीतीने उत्तर देतो, असं यावरून म्हणता येईल, पण दोनच शहरांवरून फार ताणू नये.

कारण स्टॉकहोमच्या आसपासच्या अनेक नगरपालिकांनीही आपापलं मतदान घेतलं होतं आणि तिथे एकंदरीत नकार आला. गाडीने रोज शहरात येणारे हेच लोक. मग ‘लोकांचं मत’ कोणाचं धरायचं? रस्त्याकाठी धूर सोसणाऱ्याचं, की तिथून जाणाऱ्याचं? देशाच्या निवडणुकीनंतर आलेल्या नव्या सरकारने शुल्क ठेवलं, पण त्याचं उत्पन्न शहर परिसरातल्या नव्या रस्त्यांसाठी लावायचं ठरवलं.