पंख आहेत म्हणून पाखरू उडून जाईलच असं नाही

‘पाखरांना काय, पंख आहेत. इथलं रान तुटलं तर पलीकडच्या डोंगरावर जातील.’ जंगलतोडीचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. शोलाकिळीच्या बाबतीत तरी ते साफ चूक आहे.

चिमणीएवढा, निळसर, आखूड शेपटीचा हा गाणारा पक्षी दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या शोला रानांत, म्हणजे गवताळ माळांमधल्या घळींतल्या सदाहरित, बुटक्या झाडांच्या रानांत राहतो. तोही उंच फांद्यांवर नाही, तर खाली, ओल्या पालापाचोळ्यालगतच्या काळोख्या झुडपांत. लांब पायांवर टुणटुणत किडे वेचणं हाच त्याचा दिनक्रम. उघडं माळरान ओलांडणं त्याच्या स्वभावातच नाही.

पुरावा? केरळ-तमिळनाडू सीमेवर सह्याद्रीची रांग तोडणारी पालघाट खिंड जेमतेम ३०-४० किलोमीटर रुंद. घारीला ती किरकोळ. पण तिच्या उत्तरेची निलगिरी पर्वतातली शोलाकिळी आणि दक्षिणेची पांढऱ्या पोटाची, या दोन वेगळ्या जाती (स्पीशीज) झाल्या आहेत. २०१७ साली दोघींसाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजातीच, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), मांडली गेली.

खिंड निसर्गाची, कोट्यवधी वर्षांची. चहाचे मळे, निलगिरी (युकॅलिप्टस) आणि वॅटल या परक्या झाडांच्या लागवडी मात्र गेल्या दोनेकशे वर्षांतल्या. त्यांनी शोलांचे तुकडे पाडले. एकेका तुकड्यात अडकलेल्या पक्ष्यांना ‘पलीकडचा डोंगर’ समोर दिसतो, गाठता येत नाही.