सायकल ट्रॅक आधी कुणासाठी बांधले गेले? वादामागची जुनी गोष्ट

शहरात कठडा घालून वेगळा सायकल ट्रॅक करायचं म्हटलं की वाद ठरलेलाच. गाडीवाले म्हणतात आमची लेन खाल्ली, दुकानदार म्हणतात गिऱ्हाईकांनी गाड्या लावायच्या कुठे, आणि काही मुरलेले सायकलवालेसुद्धा विरोधात उभे राहतात, म्हणतात रस्ता आमचाही आहे, आम्हाला कडेला ढकलू नका. हे तिसरं ऐकून नवीन माणूस चक्रावतो. पण त्या म्हणण्यामागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत नसेल तर आजचं भांडण अर्धंच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर नावाची सायकल आली, दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आजची सायकल साधारण तीच. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि सायकल अंग खिळखिळं न करता चालवता यायला लागली. तेव्हा मोटारी रस्त्यावर नव्हत्याच, त्रास होता तो चिखलाचा, दगडांचा आणि घोडागाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांचा. त्यामुळे सुरुवातीचे सायकल मार्ग, म्हणजे नेदरलँड्सच्या उट्रेक्टमधला मालीबान रस्त्याचा १८८५ चा किंवा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ओशन पार्कवे रस्त्याला लागून १८९४ मध्ये झालेला, हे नीट सपाट जागा मिळावी म्हणून केलेले होते. अमेरिकेत तर सायकलवाल्यांची संघटना १८८० पासून होती आणि चांगल्या रस्त्यांसाठी त्यांनीच आधी आरडाओरडा केला. मोटारींना पुढे त्या चळवळीचा आयताच फायदा झाला.

मग मोटारी वाढल्या आणि सायकल ट्रॅकचा हेतूच उलटा झाला. १९३४ हे वर्ष इथे महत्त्वाचं आहे. जर्मनीत नाझी सरकारने त्या वर्षी नियम केला की शेजारी सायकल मार्ग असेल तर सायकलवाल्याने तोच वापरायचा, मोटारींचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या वेस्टर्न अॅव्हेन्यूवर वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी एका सायकल ट्रॅकचं उद्घाटन केलं, अडीच मैल लांब आणि साडेआठ फूट रुंद, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. आणि याला सगळ्यात जोरदार विरोध कुणी केला तर सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने, म्हणजे तिथल्या सायकलवाल्यांच्याच संघटनेने. त्यांची भीती साधी होती, आज ट्रॅक देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावर यायला बंदी घालतील. शेजारच्या जर्मनीत तेच चालू होतं, त्यामुळे ही भीती काही मनाचे खेळ नव्हते. जुन्या सायकलवाल्यांचा आजचा जो संशय आहे ना, त्याचं मूळ इथे सापडतं.

आता नेदरलँड्सकडे वळू, कारण तिकडच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की त्यांच्या रक्तातच सायकल आहे, आपलं कसं जमणार. हे मला अजिबात पटत नाही. युद्धानंतर तिथेही सायकली झपाट्याने कमी झाल्या, चौकांमध्ये पार्किंग झालं, रुंद रस्त्यांसाठी वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यावर ३,२०० पेक्षा जास्त माणसं मेली आणि त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना गाडीखाली गेली आणि त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला, मथळा होता 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. पालकांनी अपघाताच्या जागा अडवल्या, रस्ते बंद करून मुलांना खेळायला सोडलं, रस्त्यात टेबलं मांडून शेजारीपाजारी जेवायला बसले. नेत्यांच्या दारात जाऊन भांडले. पुढच्या वर्षी तेल संकट आलं आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांना आपलं शहर गाडीशिवाय कसं दिसतं ते डोळ्यांनी बघायला मिळालं. १९७५ मध्ये सायकलवाल्यांची देशव्यापी संघटना झाली. डेन्मार्कमध्येही साधारण याच काळात असेच मोर्चे निघत होते.

म्हणजे बघा, वस्तू तीच. रस्त्याकडेची वेगळी पट्टी, मध्ये कठडा. पण १९३४ मध्ये ती वरून आली होती, मोटारींना मोकळं रान मिळावं म्हणून, आणि सत्तरच्या दशकात ती खालून मागितली गेली, पोरं जिवंत घरी यावीत म्हणून. जागाही आता उरलेली कडेकोपऱ्याची नव्हती, थेट गाड्यांची लेन किंवा पार्किंग काढून घेतलेली होती. माझ्या मते सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

आणि हे पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. डच सरकारने हेग आणि टिलबर्गमध्ये पैसे ओतून एकेक दिमाखदार सायकल मार्ग केला, हेगमध्ये दुकानदार भडकले, आणि नंतर मोजणी केली तर दिसलं की आजूबाजूच्या गल्ल्यांमधून जाणारे सायकलवाले नव्या मार्गावर आलेत, पण एकूण सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. एका रस्त्याने काही होत नाही, घरापासून कामापर्यंत सलग जाता आलं पाहिजे हा धडा त्यातून मिळाला. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्ट शहरात पूर्ण गावभर जाळं विणलं आणि तिथे सायकलींचं प्रमाण खरोखर वाढलं.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं स्टीव्हनेज. मुख्य इंजिनियर एरिक क्लॅक्स्टन स्वतः सायकलने ऑफिसला जायचे, त्यांनी नव्या शहरात रुंद ट्रॅक, प्रत्येक मोठ्या चौकाखालून सायकलींसाठी भुयारी मार्ग, सगळं केलं. तरी लोक गाडीच वापरत राहिले, कारण त्याच शहरात गाडी चालवणंही अगदी सोपं करून ठेवलं होतं, ना ट्रॅफिक जाम ना पार्किंगची मारामार. ट्रॅक बांधले की लोक आपोआप येतील असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण डोक्यात ठेवावं, मला स्वतःला ते फार खटकतं पण टाळता येत नाही.

अमेरिकेत तर चांगली तीस वर्षं वाया गेली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये १९६७ मध्येच सायकल लेन आल्या होत्या, पण सत्तरच्या दशकात जॉन फॉरेस्टर या इंजिनियरने जोरात मांडलं की सायकल हे वाहन आहे, ते वाहनासारखंच लेनच्या मधून चालवा, वेगळे ट्रॅक नकोत. तरण्याबांड, वेगाने जाणाऱ्या माणसाला हे जमतंही. पण दहा वर्षांच्या मुलीने किंवा सत्तरीच्या आजोबांनी ट्रकच्या पुढे लेन धरून जायचं? तरी सरकारी मार्गदर्शक पुस्तिकांवर या विचाराचा पगडा बराच काळ राहिला. न्यूयॉर्कमध्ये १९८० ला महापौर एड कॉच चीन बघून आले, तिथल्या सायकली त्यांच्या मनात भरल्या, वर त्याच वर्षी मेट्रो आणि बसचा ११ दिवस संप झाला आणि लोक सायकलवर आले, म्हणून त्यांनी मॅनहॅटनमध्ये कठडे घालून लेन केल्या, आणि तक्रारी आल्यावर महिनाभरात त्या उखडल्यासुद्धा. पुन्हा तसं काही व्हायला २००७ उजाडलं.

२००७ चा नाइन्थ अॅव्हेन्यूचा ट्रॅक मात्र जवळून बघण्यासारखा आहे. वाहतूक आयुक्त जॅनेट सादिक-खान यांच्या काळात तो झाला. नेहमीच्या रस्त्यावर फुटपाथ, मग पार्किंग, मग सायकलची रंगवलेली पट्टी असा क्रम असतो, म्हणजे सायकलवाला उभ्या गाड्या आणि पळत्या गाड्या यांच्यामध्ये सापडतो, कुणी फटकन दार उघडलं की संपलं. इथे क्रम बदलला: फुटपाथला लागून सायकल, मग दार उघडायला पुरेल एवढा मोकळा पट्टा, मग पार्किंग, आणि त्याच्या पलीकडे ट्रॅफिक. उभ्या गाड्यांचीच भिंत झाली.

पण खरं घोडं अडतं ते चौकात. सरळ रस्त्यावर कठडा वाचवतो, चौकात कठडा संपतो आणि वळणारी गाडी सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी येते. डच लोकांनी यावर काढलेला तोडगा असा की ट्रॅक चौकात मुख्य रस्त्यापासून गाडीच्या एका लांबीइतका बाजूला घ्यायचा आणि कोपऱ्यावर छोटं बेट बांधायचं. त्या बेटामुळे गाडीला वेग कमी करूनच वळावं लागतं, आणि सायकल मार्ग ओलांडायची वेळ येते तोपर्यंत गाडी पूर्ण वळलेली असते, ड्रायव्हरला सायकलवाला आरशात शोधावा लागत नाही, समोरच्या काचेतून दिसतो. हे नसेल तर उरलेला ट्रॅक कितीही चांगला असो, लोक बिचकतातच.

आणि बिचकणारेच जास्त असतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सायकल विभागातले रॉजर गेलर यांनी लोकांचे ढोबळ गट पाडले होते: कसल्याही ट्रॅफिकमध्ये घुसणारे १ टक्क्याहूनही कमी, नुसत्या पट्ट्यावर भागवणारे ७ टक्के, काही झालं तरी न येणारे ३३ टक्के, आणि इच्छा आहे पण भीती वाटते असे तब्बल ६० टक्के. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने या ६० टक्क्यांसाठीच काम केलं. २००६ ते २०१० मध्ये साधारण १२ किलोमीटरचे ट्रॅक १२० किलोमीटरवर नेले, पार्किंगच्या हजारो जागा काढल्या, आणि सायकल फेऱ्या सुमारे दहापट झाल्या. तिथे ना डच हवामान होतं ना सायकलची मोठी परंपरा. २०२० मध्ये महामारीत कोलंबियाच्या बोगोटा शहराने नुसते प्लॅस्टिकचे कोन ठेवून लेन केल्या, पॅरिसने रिव्होली रस्ता जवळपास सगळा सायकलींना दिला.

सध्याचा झगडा ट्रॅकच्या आतला आहे. ई-बाइक, सामानाच्या लांब सायकली आणि शाळेतली पोरं एकाच पट्टीत, आणि तिची रुंदी जुन्या हिशोबाची. अॅमस्टरडॅमने एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या रिंगरोडच्या आत छोट्या मोपेड सायकल ट्रॅकवरून काढून हेल्मेटसह मुख्य रस्त्यावर पाठवल्या. ई-बाइकचं काय करायचं, वेग बांधायचा की ट्रॅक रुंद करायचा, यावर भांडण चालू आहे, आणि रुंद करायचा म्हटलं की जागा पुन्हा गाड्यांकडूनच घ्यावी लागणार.