खड्डा, ब्रेक आणि लोअर आर्म: सस्पेन्शनवरील बलांचा हिशेब

नागपुरात सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेचे गट्टू यांची पातळी नेहमी जुळतेच असे नाही. अशा ठिकाणी चाक आदळते, तेव्हा लोअर आर्मला, म्हणजे चाकाला खालच्या बाजूने गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजेला, सोसावे लागणारे बल उभ्या गाडीतील बलाच्या कितीतरी पट असते. त्या आर्ममधील ताणाचे रंगीत चित्र संगणक आज सहज काढून देतो. अवघड असते ते त्याआधी कोणते बल, कोणत्या दिशेने आणि नेमके कुठे लावायचे हे ठरवणे. अशा प्रत्येक ठरवलेल्या स्थितीला अभियंते ‘लोड केस’ म्हणतात.

समजा, कार 1200 किलोची असून तिचा 60 टक्के भार पुढे आहे. मग प्रत्येक पुढच्या चाकाखाली सुमारे 3530 न्यूटन बल येते. खड्ड्यासाठी प्राथमिक आराखड्यात याच्या तिप्पट उभे बल धरण्याची जुनी रीत आहे. ती अनुभवातून आलेली आहे, त्यामुळे पुढे प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजमापांशी ताडून पाहावी लागते.

ब्रेकची केस अधिक फसवी असते. गाडी 0.8 जी (गुरुत्वत्वरणाच्या 0.8 पट) इतक्या मंदनाने थांबत असेल, गुरुत्वमध्य 0.55 मीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या आसांतील अंतर 2.5 मीटर असेल, तर सुमारे 2070 न्यूटन भार पुढे सरकतो. प्रत्येक पुढच्या चाकाखाली सुमारे 4570 न्यूटन आणि मागे ओढणारे घर्षण सुमारे 3650 न्यूटन होते. हे घर्षण टायर रस्त्याला टेकतो तिथे लागते. कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) नकलवरच, म्हणजे चाक ज्यावर फिरते आणि जो आर्मला जोडलेला असतो त्या भागावरच, बसवलेला असल्याने ब्रेक दाबताच चाक आणि नकल जणू एकसंध होतात आणि 0.3 मीटर त्रिज्येच्या चाकामुळे सुमारे 1100 न्यूटन-मीटरचे आघूर्ण नकलला पिळू पाहते. नवशिक्याने तेच बल चाकाच्या केंद्रावर लावले, की हे आघूर्ण हिशेबातून गळते आणि चित्र उगाच निर्धास्त दिसते. इंजिनकडून येणारे बल मात्र केंद्रावरच लावायचे, कारण तिथला पीळ ड्राइव्ह शाफ्टमार्गे (चाक फिरवणाऱ्या दांड्यामार्गे) गिअरबॉक्सकडे जातो.

क्वचित बसणाऱ्या मोठ्या दणक्यात आर्म थोडा वाकला तरी चालतो, तुटता कामा नये. रोजच्या लहान धक्क्यांचा हिशेब निराळा: वेल्डच्या सांध्यात ताणाचा पल्ला (कमाल आणि किमान ताणातील फरक) दुप्पट झाला, तर आयुष्य साधारण एक अष्टमांश उरते. खड्डा आणि ब्रेक एकत्र येण्याची केस घ्यायलाच हवी, कारण खड्डा दिसला की चालक ब्रेकच दाबतो. पूर्ण ब्रेक आणि पूर्ण वळण मात्र एकाच वेळी धरू नयेत. टायरची पकड तेवढी नसते, आणि आर्मवर लोखंड मात्र विनाकारण चढते.