पांढरी कावीळ आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिस

एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६४०, डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणावरची वासना उडालेली. एवढ्यावर आपल्याकडे कुणीतरी ‘पांढरी कावीळ दिसतेय’ म्हणून मोकळं होतं आणि दुसरं कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतं. पांढरी कावीळ म्हणजे हेपॅटायटिस बी. पण हेच चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिसमध्येही, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या आजारातही दिसतं, आणि त्यात विषाणूचा मागमूसही नसतो.

घोळ होणारच, कारण दोन्हीकडे यकृताच्या पेशी मारणारे हात एकच आहेत: आपलेच. बीचा विषाणू यकृताच्या पेशीत वाढतो, पण तिला स्वतः सहसा मारत नाही. तो आत लपलाय हे ओळखून आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ती पेशीच संपवतात. ढेकणापायी खाट जाळावी, तसला प्रकार. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांत हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, कारण त्या वयात शरीर त्याच्याशी नीट भांडतच नाही. अशा माणसाच्या रक्तात पुढे कित्येक वर्षं विषाणू कोटींच्या संख्येने असू शकतो आणि एसजीपीटी मात्र नॉर्मल. उलट धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली, तर १०० पैकी ५ जणांतही तो टिकत नाही. दणकून कावीळ झाली, तर ती बहुतेकदा या भांडणाची खूण असते.

ऑटोइम्यूनमध्ये शत्रूच नसतो, तरी हल्ला चालू असतो. हा आजार बायकांमध्ये जास्त. रिपोर्टमध्ये एचबीएसएजी (बीचा विषाणू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि खालची एक ओळ कुणी वाचत नाही. टोटल प्रोटीन ९, अल्ब्युमिन ३.२. वजाबाकी करा: ग्लोब्युलिन (अँटिबॉडी ज्यात मोडतात ती प्रथिनं) ५.८, म्हणजे भरपूर जास्त. इथे संशय यायला हवा. मग आयजीजी, एएनए, स्मूथ मसल अँटिबॉडी या रक्ततपासण्या आणि बहुतेक वेळा बायॉप्सी. त्यात पेशींची कड कसरीने खाल्लेल्या कागदासारखी दिसते. पण अशी कड बीमध्येही दिसू शकते, त्यामुळे नुसत्या बायॉप्सीवर निकाल लागत नाही.

पुढची वाट पुन्हा एकच. मेलेल्या पेशींची चाहूल लागली की यकृतातल्या सफाई करणाऱ्या कुप्फर पेशी रासायनिक निरोप धाडतात. तो पोचतो स्टेलेट पेशींकडे. या एरवी जीवनसत्त्व ‘अ’चे थेंब साठवून गप्प बसलेल्या असतात. निरोप आला की साठा सोडून कोलॅजेन विणायला लागतात. जखम एकदाच झाली तर ते विणकाम मागाहून विरघळतं. वर्षानुवर्षं चालली तर वणावर वण चढतो आणि शेवटी सिरोसिस. हल्ला थांबला तर वण मागे हटू शकतो. टेनोफोव्हिर हे विषाणूला आवरणारं औषध ५ वर्षं घेतलेल्या बीच्या रुग्णांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला सिरोसिस असलेले ९६ जण होते. त्यातल्या ७१ जणांत तो नंतरच्या बायॉप्सीत दिसला नाही.

वाटा फुटतात त्या औषधापाशी. ऑटोइम्यूनमध्ये प्रतिकारशक्तीलाच आवरायचं असतं: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, जोडीला अॅझाथायोप्रिन, तेही बहुधा वर्षानुवर्षं. बीमध्ये आवरायचा तो विषाणू. तिथे नुसतं स्टिरॉइड सुरू केलं तर विषाणूला रान मोकळं. रुग्णाला वाटतं, बरं चाललंय. मग स्टिरॉइड कमी केलं की परतलेली प्रतिकारशक्ती विषाणूने भरलेल्या यकृतावर एकदम तुटून पडते. जीवही जाऊ शकतो.

तिसराही एक वेशधारी आहे. कोविडच्या काळात ‘इम्युनिटी वाढते’ म्हणून लोकांनी गुळवेलीचे काढे प्यायले. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांत यकृताची इजा नोंदवली, तीही ऑटोइम्यूनसारखी दिसणारी. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तरी कावीळ झालेल्या माणसाने डॉक्टरला काढ्याचं सांगावं. बरेच जण ते औषधात धरतच नाहीत.

आणि स्टिरॉइडची चिठ्ठी हातात पडली, मग ती सांध्यांसाठी असो की त्वचेसाठी, तर गोळ्यांचा कोर्स लांबणार असेल तेव्हा एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (बीची लागण आधी कधी झाली होती का ते सांगणारी) या तपासण्या झाल्यात का, एवढं आधी विचारून घ्यावं.